उजवीकडचा गिटारवाला

माझ्या सगळ्यात लाडक्या बँडमध्ये दोन गिटारवाले आहेत. एक डावीकडे, एक उजवीकडे. स्टेजवर ते कुठे उभे राहतात मला ठाऊक नाही, मी त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही. पण इअरफोन घातले की एक डाव्या कानात असतो आणि दुसरा उजव्या. डावा तोंडाळ आहे, तोच आधी सुरू होतो. उजवा त्याचं सगळं ऐकून घेतो, जरा थांबतो आणि मग असं काही वाजवतो की डाव्याची बोलती बंद. कॉलेजपासून मी हे भांडण ऐकत आलेय आणि कायम उजव्याच्या बाजूने आहे.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी उजवा आलाच नाही.

मी ऑफिसच्या बसमध्ये होते. कल्याणहून निघून आमची बस भिवंडीला वळसा घालत कशेळीच्या पुलावर येते, आणि तिथून बाळकुम नाका पार करून घोडबंदर रोडला लागेपर्यंत एक आख्खा अल्बम ऐकून होतो. ट्रॅफिकला शिव्या देणाऱ्यांत मी कधीच नसते. त्या दिवशीही बस पुलावर अडकलेली होती, डाव्याने नेहमीसारखं तोंड सोडलं, मग उजव्यासाठी जागा सोडून तो गप्प झाला. त्या जागेत काहीच वाजलं नाही. नुसते ड्रम. मग डावाच पुन्हा सुरू झाला, जणू त्याला उत्तर मिळालं होतं.

माझ्या मनात आलं, उजवा इअरफोन गेला.

इथे मला माझ्या बाकीच्या बँडांबद्दल सांगायला हवं, म्हणजे पुढे मी जो येडेपणा केला तो कळेल. मी बाळकुमची, आगऱ्यांच्या घरातली मुलगी. आमच्याकडे संगीत म्हणजे लग्नात धवलारीण गाते ते धवले आणि हळदीला लागतो तो बँजो. त्या घरात मी कॉलेजच्या मैत्रिणीकडून एक कॅसेट आणली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेल्या टेपरेकॉर्डरवर लावली. आई भाकऱ्या थापत होती. दोन गिटारींची जुगलबंदी सुरू झाली तशी ती म्हणाली, या तर जावाजावा दिसतात, एकीला दुसरीचं बघवत नाही. तेव्हापासून त्या बँडचं घरातलं नाव जावाजावा. डावीकडची थोरली, उजवीकडची धाकटी.

आईने माझ्या प्रत्येक बँडला नाव दिलं. एक बँड अतिशय संथ आणि जड वाजवायचा, त्याला ती पिठाची गिरण म्हणायची. एकाचा गायक कण्हत कण्हत गायचा, तो आजारी माणूस. ठाण्यात एका कॉलेजच्या मैदानावर मुंबईच्या पोरांचा एक बँड मी ऐकून आले आणि त्यांची कॅसेट विकत आणली, तर ती म्हणाली, ही पोरं शेजारची वाटतात, यांच्या आया काही बोलत नाहीत का यांना? मी चिडायचे, पण खरं सांगायचं तर कोणत्याही जाणकाराने त्या बँडांचं इतकं नेमकं वर्णन केलेलं माझ्या वाचनात नाही. मला राग आला की गिरण लावायची, परीक्षा असली की जावाजावा, आणि लग्न ठरलं तेव्हा मी आजारी माणूस इतक्यांदा ऐकला की कॅसेटची फीत घासून निघाली.

नावं ठेवून झाली की आई एकच वाक्य बोलायची, "आवाज कमी कर, बहिरी होशील." इतक्या वर्षांत तिने हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. लग्नानंतरही मी माहेरी गेले की दारातच माझ्या कानातल्या वायरीकडे बघून ती हेच म्हणायची.

तर उजवा इअरफोन गेला असं मी ठरवलं. ते बिनवायरीचे होते, मुलाने बंगळुरूहून पाठवलेले. मी जाळी टाचणीने साफ केली. चार्जिंगची डबी स्पिरिटने पुसली. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन डावं-उजवं समान आहे ना ते बघितलं, होतं. मग मुलाला फोन करून सांगितलं की तुझ्या गळ्यात डुप्लिकेट माल मारलाय. तो बिचारा म्हणाला, मम्मी, नवीन मागव, मी पैसे पाठवतो. नवीन आले. त्यातही उजवा नव्हता. हल्ली मालच असा येतो, मी म्हटलं.

यापुढचं सांगायला लाज वाटते. माझी खात्री पटली की गाणंच बदललंय. हल्ली जुनी रेकॉर्डिंग पुन्हा घासूनपुसून नव्याने ॲपवर चढवतात, आणि त्या नादात कुणीतरी शहाण्याने माझ्या उजव्याचा आवाज काढून टाकलाय. माझ्यासारख्या वेड्यांचा इंटरनेटवर एक ग्रुप आहे, जगभरचे लोक आहेत त्यात. तिथे मी रागाने लिहिलं की ज्याने कुणी ही छेडछाड केली त्याला गाण्यातलं काडीचं कळत नाही. थोड्या वेळाने उत्तरं यायला लागली. प्रत्येकाने गाणं लावून बघितलं होतं. सगळे म्हणत होते, आमच्याकडे आहे की, दोघंही आहेत. शेवटी कुणीतरी विचारलं, तुझ्याकडे काय बिघडलंय?

मी फोन पालथा ठेवला. माझ्याकडे काय बिघडलं असेल याचा अंदाज मला होता.

उजव्या कानात दडा बसलाय हेही मला कळत होतं. ऑफिसात फोन आपोआप डाव्या कानाला लागत होता. सर्दी, मी म्हणत होते. मळ साचला असेल. आणि इअरफोनचं दुखणं कुठे आहे हे शोधायची सगळ्यात साधी पद्धत, जी मी स्वतः दहाजणांना शिकवली असेल, ती मी अजून केलेली नव्हती. उजवा इअरफोन काढून डाव्या कानात घालायचा आणि डावा उजव्यात. सगळं करून झालं होतं, ते एक सोडून.

एका रविवारी दुपारी केलं. नवरा हॉलमध्ये मॅच बघत होता. मी बेडरूमचं दार लोटलं, पलंगावर बसले आणि इअरफोनची अदलाबदल केली. डाव्या कानात उजवा गिटारवाला सुरू झाला. अगदी ठणठणीत. एक सूर इकडचा तिकडे झालेला नव्हता. आणि तोंडाळ डावा, ज्याला मी कधी गप्प बसलेला ऐकला नव्हता, तो नाहीसा झाला होता.

मला घाम फुटला. पंखा चालू होता, तरी पाठीवरून घाम वाहत होता. मी पुन्हा अदलाबदल केली. पुन्हा केली. जिवंत आणि मेलेला जागा बदलत राहिले. मग मी नवऱ्याला हाक मारली, ती इतक्या मोठ्याने की तो रिमोट हातात घेऊनच धावत आला.

कानाच्या डॉक्टरांकडे एक लहानशी खोली होती, आतून जाड गादीसारखं अस्तर लावलेली. त्यात मला बसवलं, मोठे हेडफोन घातले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. डाव्या कानाच्या वेळी मी फटाफट दाबत गेले, बारीकात बारीक शिट्टीसुद्धा सोडली नाही. मग उजव्याची पाळी आली. काचेपलीकडची मुलगी खाली बघून काहीतरी फिरवत होती आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी तिच्या हाताकडे बघून अंदाजाने बटण दाबलं. तिने मान वर केली आणि मला दुसरीकडे तोंड करून बसायला सांगितलं. माझ्यासमोर भिंत आली. मी बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसले, आणि हळूहळू मला कळलं की ती मुलगी आवाज देतेय, एकामागून एक देतेय, आणि माझ्या अंगठ्याला त्यातलं काही पोचत नाहीये. इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

डॉक्टर मवाळ होते. म्हणाले, कानाची नस अशी अचानक जाते कधी कधी, कारण बऱ्याचदा सापडत नाही. कधी सुरू झालं विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, लगेच आला असतात तर जास्त बरं झालं असतं. मी जाळ्या साफ करत होते ते दिवस औषधाचे होते. गोळ्या दिल्या, कानाच्या पडद्यातून आत इंजेक्शन द्यावं लागेल म्हणाले, आणि काही प्रमाणात परत येईलही, नाहीही. निघताना म्हणाले, मोठ्या आवाजापासून लांब राहा, आणि चांगला कान जपा, आता तोच आहे.

आता तोच आहे. हे शब्द मी घरी घेऊन आले आणि त्यांच्यासोबत राहायला लागले. झोपताना चुकून डाव्या कुशीवर वळले की चांगला कान उशीत दाबला जायचा आणि जग बंद व्हायचं. मी दचकून उठून बसायचे. उजव्या कानात एक सूर सुरू झाला होता, बारीक, सपाट, न थांबणारा. कार्यक्रम संपून सगळे निघून गेल्यावर कुणी स्पीकर चालूच ठेवून जावा तसा. त्या सुराला मी गाणं म्हणून ऐकायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

आवाज कुठून येतो हेही कळेनासं झालं. एका संध्याकाळी घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडवर मी ऑफिसची बस पकडायला निघाले होते. हॉर्न वाजला. मला वाटलं डावीकडून, कारण आता सगळंच डावीकडून यायचं. मी उजवीकडे सरकले. मोटरसायकल उजवीकडूनच होती. पोराने ब्रेक मारला, गाडी वाकडी झाली, तो ओरडून काहीतरी बोलला. माझ्या मागच्या बाईने मला दंडाला धरून मागे ओढलं नसतं तर काय झालं असतं याचा विचार मी आजही पुरता करत नाही. त्या दिवसापासून रस्त्यावर मी इअरफोन लावणं सोडलं. बसमध्येही सोडलं. जे उरलंय ते वापरून संपलं तर, अशी भीती बसली. बस पुलावर उभी असायची आणि मी हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहायचे.

नवरा म्हणाला, आईला सांग. मी म्हटलं, मेले तरी सांगणार नाही. इतकी वर्षं ती बहिरी होशील म्हणत आली, आणि आता मी जाऊन सांगू की झाले? ती वरून काही बोलणार नाही. पण तिच्या डोळ्यांत जे दिसेल ते मला बघायचं नव्हतं. आणि खरी भीती निराळीच होती. ती खरी ठरेल याची. डॉक्टर कारण सापडत नाही म्हणाले होते, पण मला आतून वाटत होतं की सापडलंय. गिरण, आजारी माणूस, जावाजावा. मी ज्यांच्यावर इतकं प्रेम केलं त्यांनीच माझा कान खाल्ला असेल तर मी पुढे काय ऐकायचं?

आणि नेमकी तेव्हाच भाच्याची हळद आली.

आमच्यात लग्नापेक्षा हळद मोठी. आणि दादाचा हा एकुलता एक मुलगा. आमच्या शेताच्या जागेवर आता टॉवर उभे आहेत, त्यातल्या एका टॉवरमध्ये दादाचे दोन फ्लॅट आणि खाली मोकळं पटांगण. दादाने डीजे सांगितला होता. साधासुधा नाही, ट्रकमधून येतो तो, स्पीकरवर स्पीकर रचून भिंत उभी करतात तसला. फोनवर तो मला कौतुकाने सांगत होता, "तुझ्यासाठीच सांगितलाय. सगळ्या घरात तुलाच आवाजाची आवड." मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवला. आत्याशिवाय हळद होत नाही. आत्या पहिली हळद लावणार, आत्या नाचणार, आणि आत्या त्या भिंतीच्या समोर उभी राहणार. सर्दीचं निमित्त किती पुरणार? आणि खरं सांगितलं तर आख्ख्या भावकीत बोभाटा होणार की आत्यामुळे डीजे परत पाठवला.

हळदीच्या दिवशी आम्ही दुपारीच बाळकुमला पोचलो. मांडव घातलेला होता, बायका हळद कुटत होत्या आणि धवलारीण गात होती. ती एक ओळ म्हणायची, बाकीच्या ती उचलायच्या. आई धवलारणीच्या डाव्या बाजूला बसली होती, नेहमीसारखी. आईची जागा कायम ठरलेली असते. घरात ती बसते ती डावा खांदा भिंतीला लावूनच. आम्ही लहानपणी चिडवायचो, भिंत पडेल म्हणून धरून बसलीयस का गं? मी गर्दीत जागा शोधली आणि उजवीकडच्या टोकाला जाऊन बसले. त्या गाण्यातलं मला निम्मंच ऐकू येत होतं, बाकीचं तोंडं हलताना दिसत होतं. कुणी काही विचारलं की मी हसत होते. हसणं सगळ्याला चालतं.

मग ट्रक आला. मी वर फ्लॅटमध्ये पाणी प्यायला गेले होते तेव्हा पोरांनी भिंत रचून पूर्ण केली असावी, कारण अचानक पायांखालची लादी थरथरली. आवाज तपासत होते ते. खिडकीच्या काचा वाजायला लागल्या, फ्रीजवरचे ग्लास किणकिणले. मी आईच्या खोलीत पळाले, खिडकी लावली, दार लावलं, पलंगाच्या कडेला बसले आणि डावा कान दोन्ही हातांनी दाबून धरला. तळव्यांमधूनही आवाज येत होता. छातीतून येत होता. मी डोळे मिटले. आयुष्यभर ज्या आवाजासाठी मी जीव टाकला तो माझ्या शेवटच्या कानाच्या दाराशी उभा आहे, आणि आता तो आत शिरणार, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं.

किती वेळ गेला कळलं नाही. लादी थरथरायची थांबली. मी डोळे उघडले तर आई समोर उभी होती. तिचे हात हळदीने पिवळे झाले होते. ती माझ्याकडे बघत होती. मग ती माझ्या डाव्या बाजूला आली, वाकली आणि कानाशी तोंड आणून हळूच म्हणाली, "बाय, मी त्या बाजूनं कवाची हाक मारतंय. तुजा कान गेला ना?"

मी सर्दीचं निमित्त काढलं.

"मना नको शिकवू," आई म्हणाली. "माजा तर तू जल्माला यायच्या आदीच गेलाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आताशा तसं बरंच ऐकायचे. पण तिने पलंगावर बसून पिवळ्या बोटाने स्वतःचा डावा कान दाखवला. लहानपणी गाल सुजून ताप आला होता, तो उतरला आणि कान गेला. तिच्या आईने तिला बजावलं की लग्न होईपर्यंत बोलायचं नाही. कानाने अधू पोरगी कोण करील? पाहुणे बघायला आले तेव्हा आजीने तिला अशी बसवली की सासरची माणसं उजवीकडे येतील. लग्न झालं. मग सांगायचं राहूनच गेलं. आधी सासूच्या भीतीने, मग मुलं झाली म्हणून, मग इतक्या उशिरा काय सांगायचं म्हणून. मिठागरात ती बायकांच्या रांगेत डावीकडच्या टोकाला उभी राहायची. बाबा गेले, त्यांनाही कळलं नाही. आणि आम्ही पोरं भिंतीवरून तिला चिडवत होतो.

"तू आज गर्दीत बसलीस ती जागा बघितली मी," ती म्हणाली. "कशी शोधून बसलीस. अगदी माज्यासारखी, निसती उलटी."

मी तिच्या पिवळ्या बोटांकडे बघितलं. मग मी विचारलंच, "मग मला सारखी आवाज कमी कर म्हणायचीस ते?"

आईने बंद खिडकीकडे बघितलं. मग म्हणाली, "तुजा तो टेप चालू झाला का मना दुसरा काय आयकू नाय यायचा. एका कानात किती मावनार? तुमच्यातला कोन परला, कोन रडला, तर मना कलनार कसा? आख्खा घर त्या आवाजात बुडून जायचा. मना भ्याव वाटायचा गं."

मला वाटायचं ती माझ्या गाण्यांवर राग धरून आहे. ती भाकऱ्या थापत होती, एका कानाने घर राखत होती, आणि मी खिडकीत त्या गिरणी लावत होते. तरी तिने टेप कधी बंद करायला लावला नाही. कमी कर एवढंच म्हणाली.

"सवय होते का?" मी विचारलं.

"होते. भ्याव जात नाय," ती म्हणाली. "पन सवय होते."

खोटा धीर देण्याची आमच्या घरात पद्धत नाही. हे लिहितेय तोवर माझी इंजेक्शनं झाली आहेत आणि उजव्या कानात थोडंसं काही परत आलंय, फाटक्या स्पीकरसारखं, जाड आणि चिरकं. शब्द कळत नाहीत. डॉक्टर म्हणतात कदाचित एवढंच राहील. रस्ता ओलांडताना मी अजूनही घाबरते, आणि डाव्या कानात जरा दडा बसल्यासारखं वाटलं की कानाशी चुटकी वाजवून बघते. आईचं म्हणणं निम्मं खरं झालंय. कोणतं निम्मं ते सांगायला नको.

पण त्या दुपारी आई उठली, दार उघडून तिने दादाला हाक मारली आणि दारातच सांगून टाकलं की आत्या हळद लावेल ती धवलारीण गाते तेव्हा, आणि डीजे लागायच्या आधी वर येऊन आपल्याजवळ बसेल, आपली तब्येत बरी नाही. दादा काही विचारायला लागला. मी सांगितलं ना, आई म्हणाली, आणि दार लावून घेतलं. म्हणजे माझा कान तिने आपल्या अंगावर घेतला. लपवण्यात तिचा हात बसलेला होता.

खाली पोरं जेवायला बसली असावीत. सगळीकडे शांत होतं. आईने माझ्या पर्सकडे बोट केलं. "तुजी ती गानी हायेत का त्यात? जावाजावा?"

मी म्हटलं, मी ऐकणं सोडलंय. भीती वाटते.

"हलू लाव," ती म्हणाली. "एक मना दे."

मी डबी काढली. डावा इअरफोन माझ्या डाव्या कानात घातला. आई माझ्या उजवीकडे सरकून बसली आणि उजवा तिच्या उजव्या कानात घालून दिला. आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो होतो. आमच्या दोघींच्या मध्ये दोन्ही कान मेलेले होते, त्यामुळे एकमेकींशी बोलायची सोय नव्हती. आईने माझा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि मनगटाला बोट लावून दाखवलं. धाकटी बोलली की सांगते, असा त्याचा अर्थ.

मी आवाज अगदी कमी ठेवला आणि गाणं लावलं. थोरलीने तोंड सोडलं. तेच सगळं, शब्द न् शब्द मला पाठ असलेलं. मग ती थांबली. ती जागा आली. ड्रम चालू होते, बाकी काही नाही, अगदी पुलावर बसमध्ये झालं होतं तसं. येणार नाही, मी मनात म्हटलं. आता कधीच येणार नाही.

आईचं बोट मनगटावर टेकलं. एकदा. मग भराभर, मग लांब दाबून, मग पुन्हा भराभर. धाकटी बोलत होती. कुठे दम घेते, कुठे टोमणा मारते, कुठे शेवटचा शब्द ओढून धरते, सगळं त्या बोटात होतं. मनगटावर हळदीचे ठिपके उमटत गेले. मी रडत होते आणि हलायची भीती वाटत होती, हललं तर बोट निसटेल म्हणून.

धाकटीचं संपलं. थोरली पुन्हा सुरू झाली. आईचं बोट थांबलं होतं आणि ती माझ्याकडे वळून बघत होती. मी तिच्याकडे वळले, तेव्हा ती माझ्या डाव्या कानाकडे वाकून म्हणाली, "थोरली काय बोलतंय ते मना कुठं आयकू येतंय? तू सांग ना."

मग मी तिचा हात घेतला आणि तिच्या मनगटावर बोट टेकवलं.